‘श्रीखंड’ तिरपं करायचं तर: जाड, गोल आणि कललेल्या देवनागरी अक्षरांविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिठाई आणि दुग्धपदार्थांच्या दुकानाचा नवा फलक करायचा आहे. मालकांना ‘श्रीखंड’ नावाचा जाड, गोलसर, तिरपा फॉन्ट आवडला आणि दुकानाचं इंग्रजी नाव त्यात झकास बसलंही. मराठी नाव टाइप केल्यावर कळलं की त्यात देवनागरी नाहीच. मग ‘बालू’ या देवनागरी फॉन्टचं सगळ्यात जाड वळण घेऊन सॉफ्टवेअरमध्ये १२ अंश तिरपं केलं तर चालेल का? आणि अशी अक्षरं फलकाखेरीज आणखी कुठे शोभतात?

पहिल्याचं उत्तर: सुरुवात म्हणून चालेल, शेवट म्हणून नाही. बटण दाबून आलेलं अक्षर तसंच फलकावर चढवलंत तर ते कललेलं न दिसता घसरलेलं दिसेल. असं का, हे जरा बैजवार सांगतो, कारण ते एकदा डोळ्यांना दिसलं की दुरुस्ती तुमची तुम्हालाच सुचेल.

आधी तुम्हाला आवडलेल्या फॉन्टबद्दल. ‘श्रीखंड’ जॉनी पिनहॉर्न यांनी केला. त्यात रोमन आणि गुजराती अशा दोन लिप्या आहेत, आणि त्याची प्रेरणा गुजरातच्या रस्त्यांवर हाताने रंगवलेली अक्षरं ही आहे. नाव ऐकून आपल्याला वाटतं, यात मराठी असणारच. पण यात गुजराती आहे आणि देवनागरी नाही, याचा तुमच्यासारख्या डिझायनरसाठी अर्थ मोठा आहे. गुजरातीला शिरोरेषा नाही. प्रत्येक अक्षर सुटं उभं असतं, रोमनसारखंच. त्याला कल द्या, पोट फुगवा, शेपटी वळवा, शेजारच्याला धक्का लागत नाही. देवनागरीत मात्र सगळी अक्षरं एकाच दांडीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी असतात. कपडे वाऱ्याने तिरके होतात, दांडी आडवीच राहते. तुमच्या कामातली अडचण मुख्यतः या दांडीची आहे.

इटॅलिक ही मुळात आपली रीतच नव्हे. व्हेनिसमध्ये आल्डस मनुशियसने १५०१ मध्ये व्हर्जिलचं छोट्या आकाराचं पुस्तक तिरप्या अक्षरांत छापलं, ती अक्षरं फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरली होती. तेव्हा ते अख्ख्या पुस्तकाचं अक्षर होतं, एखाद्या शब्दावर जोर द्यायचं साधन ते पुढे झालं. मराठी छपाईत जोर द्यायला आपण ठळक खिळा (छापायचं धातूचं अक्षर) घेतला, मोठा खिळा घेतला किंवा अवतरणचिन्हं घातली. तिरपी देवनागरी आपल्याकडे मजकुरातून आली नाही, ती पेंटरच्या ब्रशमधून आली. ट्रकच्या मागच्या फळीवर, वडापावच्या गाडीवर, सर्कसच्या जाहिरातीवर. तिथे कल म्हणजे जोर नव्हे, लगबग आणि खुशी. तुमच्या दुकानालाही तीच हवी आहे, त्यामुळे पुस्तकातल्या इटॅलिककडे न बघता पेंटरकडे बघा.

आता बटण दाबल्यावर काय होतं ते. सॉफ्टवेअर अक्षराचा प्रत्येक बिंदू त्याच्या उंचीच्या प्रमाणात उजवीकडे सरकवतं. उभ्या दंडाला यात फारसं काही होत नाही, १२ अंशांवर त्याची जाडी जेमतेम दोन टक्क्यांनी घटते. आडव्या शिरोरेषेला काहीच होत नाही. मार बसतो तो गोलाईला. डावीकडून उजवीकडे वर चढणारी रेघ लांबते आणि साधारण दहा टक्क्यांनी बारीक होते. डावीकडून उजवीकडे खाली उतरणारी रेघ आखडते आणि सुमारे अकरा टक्क्यांनी जाड होते. म्हणजे ‘व’च्या गोलाचा डावा-वरचा खांदा वाळतो आणि उजवा-वरचा सुजतो.

रोमनमध्ये हे थोडंफार खपून जातं. देवनागरीत ते जास्त खुपतं, त्याचं कारण बोरूत आहे. आपला बोरू रोमन लेखणीच्या उलट्या बाजूला तासलेला असतो. त्यामुळे देवनागरीत वर चढणारी रेघ जाड आणि खाली उतरणारी बारीक, अशी शतकांची सवय आहे. यंत्राचा कल नेमका याच्या विरुद्ध जातो: चढणारी बारीक करतो, उतरणारी जाड. परिणामी अक्षर देवनागरी असतं, पण त्याचं अंग रोमनसारखं होतं. सामान्य गिऱ्हाइकाला हे सांगता येणार नाही, तो म्हणेल ‘काहीतरी विचित्र दिसतंय’. त्याचं बरोबर असतं. ‘बालू’सारख्या जवळजवळ एकसारख्या जाडीच्या अक्षरात तर हा फरक लगेच उघडा पडतो, कारण लपायला मूळचा जाड-बारीकपणा तिथे नसतो.

आपण ‘श्रीखंड’ हाच शब्द घेऊ, नाहीतरी तुमच्या फलकावर तो येणारच आहे.

‘श्री’ची वेलांटी शिरोरेषेच्या वर असते, म्हणून ती अक्षराच्या अंगापेक्षा जास्त सरकते. तिची कमान ‘श्र’वरून सुटून आपल्या दंडाच्या पलीकडे ‘ख’च्या डोक्याकडे झुकते. उपाय सोपा: वेलांटी दंडापासून तोडून घ्या, थोडी डावीकडे आणा, कमानीचा उगम पुन्हा ‘श्र’च्या डोक्यावर येईल असा बसवा. ‘श्र’च्या आतली रकाराची तिरकी रेघ मात्र नव्याने काढा. ती वर चढणारी रेघ असल्याने बारीक झालेली असते, आणि जाड अक्षरात नेमकी तीच दिसायला हवी.

‘ख’ची भानगड जुनी आहे. ‘र’ आणि ‘व’ सुटे पडले तर ‘ख’ ‘रव’ वाचला जातो, म्हणून आताच्या वळणात ‘र’ची शेपटी ‘व’च्या पायाला जोडतात. यंत्राने तिरपा केलेल्या ‘ख’मध्ये ही उतरणारी शेपटी सुजते आणि मधली फट बुजायला लागते. शेपटी हाताने कातरा. फट डोळ्याला जितकी पुरेशी वाटते त्याहून किंचित मोठी ठेवा, उन्हात आणि लांबून ती लहानच दिसणार आहे.

अनुस्वार. तो वर्तुळ असतो, यंत्र त्याचं अंडं करतं. शिवाय तो ‘ख’च्या दंडावरून सरकून ‘ख’ आणि ‘ड’च्या सांध्यावर येऊन बसतो, म्हणजे कोणाचा अनुस्वार हा प्रश्न. जुना पुसून कोरं गोल वर्तुळ काढा आणि थोडं डावीकडे आणून ‘ख’च्या दंडाच्या डोक्यावरच ठेवा. गोल अक्षरांच्या कुटुंबात ठिपका हा सगळ्यांत प्रामाणिक सभ्य माणूस असतो. तो अंडाकार झाला की बाकीच्यांवरही संशय येतो.

आणि ‘ड’. इथे खरी मजा आहे. कल आपल्याला कळतो तो दंडामुळे. ‘ख’, ‘म’, ‘प’, ‘न’ यांना पूर्ण दंड आहे, ती तिरपी झाली की तिरपी दिसतात. ‘ट’, ‘ठ’, ‘ड’, ‘ढ’, ‘द’, ‘ह’ यांना नुसती मान आहे, खाली सगळं वळण. यंत्राने कललेला ‘ड’ तिरपा दिसत नाही, उजवीकडे तोल गेलेला दिसतो. अशा अक्षरांची मान दंडांच्याच कोनात ठेवायची, पण खालचं पोट कमी कलवायचं आणि जरासं डावीकडे ओढायचं. मी मान पूर्ण कोनात आणि पोट साधारण अर्ध्या कोनात ठेवतो. हा माझ्या हाताचा हिशेब आहे, कुठल्या पुस्तकातला नव्हे.

कोन किती? रोमनला १२ अंश छान दिसतात म्हणून देवनागरीला तेवढेच हवेत असं नाही. लांबलचक आडव्या शिरोरेषेखाली दंडांचा कल जास्त ठसठशीत जाणवतो. दोन्ही लिप्या शेजारी ठेवून मी देवनागरीला ८ ते १० अंशांवर आणतो, तेव्हा त्या सारख्याच कललेल्या वाटतात. मोजपट्टी लावून वाद घालणारे भेटतील. त्यांना दहा पावलं मागे न्या.

आता दांडीकडे. गोल टोकांच्या फॉन्टमध्ये प्रत्येक रेघेचं टोक गोल हवं, पण शिरोरेषेचं टोक प्रत्येक अक्षरागणिक गोल केलं तर दोन अक्षरांच्या सांध्यात वर-खाली खाचा पडतात आणि दांडी मण्यांच्या माळेसारखी दिसते. म्हणून शब्दाच्या आतले सांधे सपाट, एकमेकांवर चढलेले, आणि गोलाई फक्त शब्दाच्या पहिल्या व शेवटच्या टोकाला. संपूर्ण फॉन्ट करणाऱ्याला यासाठी अक्षर शब्दाच्या सुरुवातीला आहे की शेवटी हे ओळखून रूप बदलणारे नियम लिहावे लागतात. तुम्हाला एकच नाव करायचं आहे, तुम्ही दोन टोकं हाताने गोल करून मोकळे व्हाल. शिरोरेषा दंडापेक्षा बारीक ठेवा. दोन्ही सारख्या जाड केल्या की खालची अक्षरं छपराखाली चिरडल्यासारखी होतात.

गोल टोकाचा आणखी एक स्वभाव आहे. ते सपाट टोकापेक्षा आखूड दिसतं. दंडाचं गोल टोक पायाच्या रेषेवर नेमकं थांबवलं तर अक्षर हवेत लटकल्यासारखं वाटतं, म्हणून ते रेषेच्या किंचित खाली उतरवायचं.

दुसरी एक वाट पेंटर मंडळींची आहे आणि मला ती देवनागरीसाठी जास्त मानवते. अक्षरं थोडीच तिरपी करा, पण सगळा शब्दच पाच-सहा अंशांनी वर चढता ठेवा. मग शिरोरेषाही चढते आणि ‘दांडी आडवी, कपडे तिरके’ हा झगडाच कमी होतो. मात्र असा शब्द फलकावर एकटा हवा. चढत्या नावाखाली सरळ पत्ता चालतो, चढता पत्ता चालत नाही.

जाडीबद्दल. शिरोरेषेपासून पायापर्यंतच्या उंचीचा चौथा हिस्सा, एवढी दंडाची जाडी झाली की मी थांबतो. त्यापुढे गेल्यास अक्षरांच्या आतल्या पोकळ्यांचं काय करायचं याचा स्वतंत्र निर्णय घ्यावा लागतो. ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या गटाच्या ‘मोदक’ फॉन्टने तो धीटपणे घेतला आहे: अक्षरं इतकी गुबगुबीत की पोकळ्या उरल्या त्या बारीक फटींसारख्या, आणि त्या फटींनीच अक्षर वाचायचं. मोठ्या आकारात ते लोभस दिसतं, लहान आकारात फटी मिटतात. ‘बालू’ त्याच गटाचं काम, पण पोकळ्या मोकळ्या ठेवणारं. (त्याच्या भाषागणिक नावांची मला गंमत वाटते: गुजरातीला भाई, बंगालीला दा, पंजाबीला पाजी, मल्याळमला चेट्टन. सगळे भाऊ.) तिरपं इटॅलिक मात्र ‘बालू’त नाही, म्हणूनच तुम्हाला बटण दाबावंसं वाटलं. ‘कलम’ उजवीकडे झुकलेला आहे आणि त्यात देवनागरी आहे, पण ते हस्ताक्षर आहे, त्याच्या जाड वळणालाही तुम्हाला हवा तो गुबगुबीतपणा येत नाही. ‘पॉपिन्स’च्या इटॅलिकचा बाज भौमितिक, ऑफिसातला.

जाड मराठी अक्षरांची परीक्षा घ्यायची तर माझे ठरलेले शब्द आहेत: पुरणपोळी, मठ्ठा, आम्रखंड, कुल्फी, ‘सुऱ्या’, आइस्क्रीम. ‘ळ’च्या दोन पोकळ्या, ‘ठ्ठ’चा मनोरा, ‘ऱ्य’चा तो पापणीसारखा रफार, ‘स्क्री’ची गर्दी, सगळं यात येतं. हिंदीपुरता तपासलेला फॉन्ट ‘ळ’ आणि ‘ऱ्य’वर हमखास उघडा पडतो. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का तेही पाहा. काही फॉन्टमध्ये ते असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडल्याशिवाय बाहेर येत नाहीत.

यात माझी फजिती झालेली आहे म्हणून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका खाद्यपदार्थांच्या दुकानासाठी आतून उजळणारा फलक केला होता. कागदावर ‘पोळी’ देखणी होती. रात्री दिवे लावले आणि ‘ळ’ चक्क दोन पांढरे लाडू झाला. उजळलेलं अक्षर अंधारात कडेने पसरतं आणि पोकळ्या गिळतं. फलक उतरवून अक्षरं पुन्हा कापावी लागली, माझ्या खर्चाने. तेव्हापासून मागून दिवा असेल तर मी जाडी एक पायरी कमी करतो.

फलकाचा विषय निघालाच आहे तर कायद्याकडेही बघा. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या फलकावर देवनागरी मराठी नाव सक्तीचं आहे आणि ते दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा बाजारात जी घाई झाली तिची फळं आजही दिसतात: इंग्रजी नाव कुणीतरी मन लावून काढलेलं, मराठी नाव शेजारी बटण दाबून तिरपं केलेलं. यात एक नेहमीची चूक असते. वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंतची उंची इंग्रजी कॅपिटल अक्षराएवढी धरतात. कागदावर माप जुळतं, पण अक्षराचं अंग इंग्रजीच्या पाऊणही भरत नाही. उंची जुळवायची ती शिरोरेषा ते पाया यांची. वेलांटीला वर आणि उकाराला खाली जागा मिळेल असा फलकच उंच घ्यायला सांगा. आडवं मध्य काढतानाही शब्दाची टोकं अंगाच्या निम्म्या उंचीवर मोजा, नाहीतर वर झुकलेल्या मात्रेमुळे शब्द डावीकडे सरकलेला दिसतो.

गोल अक्षरांचा फलकवाल्याला फायदाही असतो. राउटरचं, म्हणजे अक्षरं कापणाऱ्या यंत्राचं, पातं गोल फिरतं, त्याला आतला कोपरा टोकदार कापताच येत नाही. टोकदार फॉन्ट दिला की आतले कोपरे गोल आणि बाहेरचे टोकदार, असं विजोड अक्षर येतं. गोल फॉन्टला ही भीती नाही. चिकटवायच्या रेडियमलाही गोल टोकं बरी. कोपऱ्यावरून सोलायला सुरुवात होते, आणि इथे कोपराच नसतो.

वापर कुठे करावा? दोन-तीन शब्दांत काम भागतं आणि वाचणाऱ्याने हसऱ्या तोंडाने वाचावं अशी अपेक्षा असते तिथे. मिठाई, आइस्क्रीम, खेळणी, बालनाट्य, जत्रा, गणपतीच्या मंडळाचा खाद्यमहोत्सव, टी-शर्ट. अमेरिकेत ऑस्वाल्ड कूपरचं ‘कूपर ब्लॅक’ १९२२ मध्ये आलं, तेही असंच मऊ कडांचं, जाडजूड, जाहिरातीत लांबून दिसावं म्हणून केलेलं. शंभर वर्षं झाली तरी खाण्याच्या पदार्थांवर ते अजून भेटतं. मऊ, फुगीर आकार पाहिला की माणसाला बहुतेक पाव आठवत असावा.

नाटकाच्या शीर्षकाला वापरायचं असेल तर आधी कमल शेडगे यांनी काढलेली शीर्षकं पाहा. वर्तमानपत्राच्या छोट्याशा जागेत नाटकाचा स्वभाव अक्षरात कसा उतरवायचा, याचं त्याहून चांगलं शिक्षण मराठीत नाही. फार्सला गुबगुबीत तिरपं अक्षर शोभेल, पण त्या फार्सचं अक्षर वेगळं आणि शेजारच्या फार्सचं वेगळं, हे शेडगे हाताने करत होते. तयार फॉन्ट दोघांना एकच सदरा घालतो.

दरपत्रक, घटकांची यादी, पत्ता, फोन नंबर, औषधाचं पाकीट, सरकारी सूचना इथे हे अक्षर नको. आकडे तर या वळणात मुळीच नकोत: जाड तिरप्या ‘१’ आणि ‘९’ची गल्लत झाली की काउंटरवर भांडण. आणि कृपा करून श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर नको. फलक छापणाऱ्याच्या संगणकात शेवटचा निवडलेला फॉन्ट तसाच राहून ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आइस्क्रीमच्या अक्षरात आलेली मी पाहिली आहे, गेलेल्या माणसाचा फोटोही ओशाळल्यासारखा वाटत होता.

तर तुमच्यासाठी कामाचा क्रम. फलकावरचं नाव: ‘बालू २’चं सगळ्यात जाड वळण घ्या, शब्द टाइप करून बाह्यरेषांत बदला (म्हणजे मजकुराचा नुसता आकार करा), मग ९ अंश कलवा आणि वर सांगितलेल्या दुरुस्त्या हाताने करा. खांदे, शेपटी, मात्रा, ठिपका, दंड नसलेली अक्षरं, शेवटी शिरोरेषेची दोन टोकं. एका शब्दाला निवांत दीड-दोन दिवस धरा. दुकानातल्या आतल्या पाट्या आणि डब्यांवरची पदार्थांची नावं: सरळ उभा ‘बालू’, अजिबात न कलवता. नावाच्या तिरप्या शब्दाशेजारी तो भावासारखा शोभतो. परवान्याची चिंता नको. ‘बालू’ आणि ‘श्रीखंड’ दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत, व्यावसायिक वापर चालतो. बदललेला अख्खा फॉन्टच वाटायचा ठरवलात, तर मात्र परवान्यातल्या नावाच्या अटी वाचून घ्या. वेबसाइटवर हे नाव मजकूर म्हणून न टाकता चित्र म्हणून टाका. तिथे इटॅलिक म्हटलं की ब्राउजर स्वतःच खोटा कल देतो आणि तुमची दोन दिवसांची मेहनत वाया जाते.

फलकवाल्याला फाइल बाह्यरेषांतच द्या, टाइप केलेल्या मजकुरात नाही. त्याच्याकडे जुनं सॉफ्टवेअर असेल तर ‘श्री’ फुटून ‘श्‌’ आणि ‘री’ वेगळे पडतील, आणि तो ते जोडून द्यायच्या भानगडीत पडणार नाही. कापायच्या आधी पूर्ण आकाराची कागदी प्रत दुकानाच्या भिंतीवर चिकटवा, एकदा दुपारी आणि एकदा दिवेलागणीला रस्त्याच्या पलीकडून पाहा, आणि ‘खंड’मधला अनुस्वार कोणाच्या डोक्यावर दिसतो ते शेजारच्या चहावाल्याला विचारा.